लिफ्टशेजारच्या नोटिशीला उत्तर, डी विंगच्या पिवळ्या गाडीवाल्याकडून

मा. चेअरमन काका, सेक्रेटरी साहेब, कमिटीचे सगळे मेंबर आणि डी विंगच्या खालच्या मजल्यांवरची मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात लिफ्टशेजारी गाडीच्या आवाजावरून समाजकंटकांवर कायदेशीर कारवाई करण्याची जी नोटीस लागली तिच्यात माझं नाव नाहीये, नुसतं "पिवळ्या रंगाची स्पोर्ट्स कार" असं लिहिलंय, पण आपल्या सोसायटीत पिवळी स्पोर्ट्स कार एकच आहे त्यामुळे ती कुणाची हे शेंबडं पोरगं पण सांगेल. नोटिशीचा फोटो ग्रुपवर फिरला, ग्रुपवरून फिरत फिरत साताऱ्याला माझ्या सासुरवाडीला पोचला आणि सासऱ्यांनी फोन करून विचारलं, जावईबापू, ते समाजकंटक म्हणजे तुम्हीच का. त्यामुळे आता उत्तर पण चारचौघांतच देतो, कमिटीच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं मिळतात आणि त्यातली चार पाण्याच्या टँकरवर जातात.

तर पहिलं सांगून टाकतो, आवाज माझ्याच गाडीचा आहे आणि तो मीच वाढवलाय. दुसऱ्या कुणी गॅरेजवाल्याने फसवलं, मला कल्पना नव्हती, असलं काही नाही. भोसरीला माझा फॅब्रिकेशनचा शेड आहे हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये, कारण आपल्या गेटचं रेलिंग आम्हीच केलंय (बिल अजून अर्धं बाकी आहे, पण तो विषय आज नको). गाडी २०१७ ची फोर्ड मस्टँग, जीटी, पाच लिटरचं व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, कोविडनंतर दुसऱ्या मालकाकडून घेतली, कर्ज काढून घेतली, आणि घेतल्यावर आठ महिने कुणालाही काही त्रास नव्हता. मग गेल्या वर्षी पावसाळ्यात कामं थंड होती, शेडमध्ये अडीच इंची स्टेनलेस स्टीलचा (एसएस ३०४) पाइप पडून होता, टिग वेल्डिंगवाला पोरगा बसून होता, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. मागचे दोन्ही सायलेन्सर उतरवले आणि त्यांच्या जागी सरळ पाइप टाकला, मधे फक्त एक जाळीची नळी, भोवती ग्लासवूल, वरून पत्र्याचं कव्हर. एक दिवसाचं काम. वेल्डिंग मात्र असं झालंय की बघत राहावं, निळा-सोनेरी रंग आलाय सांध्यांना, ते कुणाला दिसत नाही कारण ते गाडीच्या पोटाखाली आहे.

तुम्ही विचाराल कशाला. खरं उत्तर द्यायचं तर त्याला लॉजिक नाही. माझे वडील चिंचवडला कंपनीत सेकंड शिफ्टला असायचे आणि रात्री साडेअकराला त्यांची येझदी कोपऱ्यावर वळली की तिच्या दोन सायलेन्सरचा आवाज आधी यायचा, आई तवा ठेवायची, आणि वडील जिना चढून वर येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची. मला तेव्हापासून आवाजाचं वेड आहे. आता यात त्या वेळी शेजाऱ्यांची झोप मोडायची का हे मी कधी आईला विचारलं नाही, परवा विचारलं तर म्हणाली "मग काय, खालचे जोशी रोज शिव्या द्यायचे".

आणि मस्टँगचं इंजिन म्हणजे त्या वेडाला खतपाणीच. चार सिलिंडरच्या गाडीत स्फोट कसे एकसारख्या अंतराने होतात, ढग ढग ढग ढग. या व्ही-एटचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, क्रॉस-प्लेन प्रकारचा असतो, त्यात आठही सिलिंडर मिळून अंतर सारखंच असतं पण एका बाजूचे चार सिलिंडर पकडले तर ते सारख्या अंतराने फुटत नाहीत, दोन लागोपाठ, मग थांबा, मग एक, असं वेडंवाकडं. ते वेडंवाकडं मागच्या पाइपातून बाहेर येतं आणि आपल्याला गडगड ऐकू येते, ढग लांब कुठेतरी फिरतायत अशी. कंपनीचा सायलेन्सर ही गडगड बऱ्यापैकी दाबतो, माझा पाइप दाबत नाही, एवढाच फरक.

पहिल्या रविवारी एक्सप्रेसवेला गेलो, भाताणच्या बोगद्यात काच खाली केली आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला, शेजारी बसलेला माझा पुतण्या नुसता हसत होता. पण खंडाळ्याच्या पुढे काचा वर करून शंभरच्या स्पीडला लावली तर गाडीत एक घुमणारा सूर सुरू झाला, उम्म्म्म, बंदच होईना, कानात बोट घालून पण जाईना. त्याला ड्रोन म्हणतात. पुण्यात परत येईस्तोवर माझं डोकं इतकं चढलं की घरी आल्यावर बायको काय बोलतेय ते मला भांड्यात बोलल्यासारखं ऐकू येत होतं. याचं गणित सोपं आहे, शंभरला इंजिन साधारण एकोणीसशे आरपीएमवर (मिनिटाला एकोणीसशे फेरे) असतं, व्ही-एटमध्ये एका फेऱ्यात चार स्फोट, म्हणजे सेकंदाला सव्वाशेच्या आसपास, आणि नेमका तेवढ्या हर्ट्झला गाडीचा डबा घुमायला लागतो. ग्लासवूल बारीक आवाज खातं, जाड आवाज त्याला दादच देत नाही.

मग मी काय केलं तर त्या पाइपाला दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांची एक एक नळी जोडली, दुसऱ्या टोकाला बंद. आवाजाची लाट त्या नळीत शिरते, बंद टोकाला आपटून परत येते, आणि लांबी बरोबर असेल तर परत येताना उलटी होऊन येते आणि मूळ लाटेला मारते. गरम धुरातून आवाज हवेपेक्षा जास्त वेगाने जातो त्यामुळे ते पण धरावं लागतं, माझी पहिली नळी आठ-नऊ इंच कमी पडली होती कारण मी थंड हवेचं गणित लावलं होतं, लोक शाळेतलं विसरतात ते असं. दुसऱ्या नळीने ड्रोन गेला. एकदम गेला. बायको लोणावळ्यापर्यंत झोपून आली. मी इतका खूश की वाटलं आता आवाजाचा प्रश्नच मिटला.

चुकलं ते इथे. माझ्या कानाचा प्रश्न मिटला होता आणि मी समजत होतो की आवाजाचा मिटला. ती नळी एकाच सुरासाठी असते, शंभरच्या स्पीडच्या सुरासाठी, आणि माझ्या गाडीचा तो सूर सोसायटीतल्या एकाही माणसाने कधी ऐकलेला नाही, कारण तुम्ही ऐकता ती पहाटे पाच चाळीसला बेसमेंटमध्ये थंड इंजिन चालू होतानाची गाडी. पेट्रोल गाडी थंड असताना मुद्दाम जास्त आरपीएमवर चालते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून, तो तापल्याशिवाय धूर साफ करत नाही. म्हणजे गाडी सगळ्यात जास्त ओरडते ती पहिल्या मिनिटाला, चारी बाजूंनी काँक्रिट असलेल्या खोलीत, रविवारी, लोक साखरझोपेत असताना. मी मात्र त्या मिनिटाला बूट घालत, फोनवर ग्रुपवाल्यांना "निघतोय" टाइप करत उभा. मला तो आवाज मस्त वाटायचा.

हे मला आधी कुणी सांगितलं नाही असं नाही. वायपरखाली चिठ्ठी आली होती, "गाडीला खोकला झालाय, सितोपलादी द्या." कुणी लिहिली माहीत नाही पण अक्षर सुंदर होतं, आणि मी ती फ्रिजवर लावून ठेवलीये अजून. नंतर कुणीतरी डाव्या पाइपात नारळाचा चोथा कोंबला. तो ज्याने कोंबला त्याला एवढंच सांगतो की दोन पाइप असतात, एकात कोंबून उपयोग नाही, आणि तो चोथा वाल्हेकरवाडीच्या चौकात बाहेर उडाला आणि मागच्या रिक्षावाल्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

मी चिडलो होतो. चिडून डेसिबल मीटर मागवला, म्हटलं आकड्यात बोलू. कमिटीला मेल टाकायचा, हे बघा एवढे, आणि गणपतीत गेटवर डीजे लागतो तेव्हा एवढे, मग बोला. मेल ड्राफ्टमध्ये आहे अजून, चांगला जहाल झालाय. पाठवायच्या आधी म्हटलं एक रीडिंग तक्रारवाल्यांच्या घरातलं पण हवं, तरच मेलला वजन येईल, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. (पुढचं काकूंना विचारून लिहितोय, त्या म्हणाल्या लिही, नाव नको घालू.)

काकूंनी दार उघडलं, शिव्या घालतील वाटलं होतं, तर म्हणाल्या "ये, चहा टाकलाय." काकांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ते आतल्या खोलीत पलंगावर असतात हे मला माहिती होतं, पण त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेलो. खिडकीखाली एक जाळी आहे. ती जाळी म्हणजे आपल्या बेसमेंटचा हवेचा डक्ट, आणि तो डक्ट खाली उघडतो तो कुठे तर माझ्या पार्किंगच्या बरोबर मागे, सायलेन्सरपासून चार फुटांवर. सात वर्षं तिथे गाडी लावतोय, वर कधी मान केली नाही.

पुतण्याला फोन केला, चालू कर. मीटरवर ५८. मला आनंदच झाला, ५८ म्हणजे दोन माणसं बोलतायत एवढा आवाज, म्हटलं बघा काकू, काहीच नाही. आणि तेवढ्यात स्टुलावरच्या औषधाच्या ग्लासात चमचा होता, तो वाजायला लागला. टिर्र्र्र, बारीक. खिडकीची काच पण. काकांचा डावा हात चादरीवर होता, तो हलत नाही एरवी, उजव्या हाताने त्यांनी पलंगाची कड धरली आणि डोळे मिटले. काकू अगदी सवयीने गेल्या आणि चमचा ग्लासातून काढून बशीत ठेवला. मला काही बोलल्या नाहीत. म्हणजे नेहमीचं आहे, चमचा आधी काढून ठेवायचा एवढंच त्या दिवशी राहिलं होतं.

मीटरला ए आणि सी असं बटण असतं. ए म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे, त्यात जाड आवाज जवळजवळ धरतच नाहीत. सी मध्ये धरतात. सी केलं तर ८१. तेवीसचा फरक. डीजेची मिरवणूक लांबून जाते तेव्हा गाणं कुठलं ते कळत नाही पण काच थरथरते ना, तेच हे, बारीक आवाज भिंतीला अडतो, जाड आवाज भिंतीतून, दारातून, छातीतून आरपार येतो. मी पुतण्याला बंद कर म्हणालो. चहा प्यायलो. चहा चांगला होता, घशाखाली उतरला नाही एवढंच.

आता कायद्याचं, कारण सेक्रेटरी साहेबांनी नोटिशीत "कायदेशीर कारवाई" लिहिलंय पण कुठला कायदा ते लिहिलं नाही, तर मीच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट केलंय. कलम १९०(२) आवाज आणि धुराचं, त्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. नवीन कारला टेस्टमध्ये साडेसात मीटरवरून जाताना ७४ डेसिबलची मर्यादा आहे, ही टेस्ट आपल्या पुण्यात एआरएआयला, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेत, पण होते, टेकडीवर आपण फिरायला जातो तेच ते. माझी गाडी त्यात बसणार नाही, मोजायची पण गरज नाही. पीयूसीवाला नळी घालून धूर तपासतो, आवाजाचं मला कधी कुणी विचारलेलं नाही, ते मी आजवर लायसन्स असल्यासारखं वापरलं. बुलेटचे फटाका सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली घालतात ते व्हिडिओ मी पण बघितलेत आणि हसलोय पण, बुलेटवाले काय, आपण वेगळे.

मूळ सायलेन्सर परत लावायचं ठरवलं त्याच दिवशी. सोपं काम, चार नट, दोन क्लॅम्प, रबरचे हँगर. शेडच्या माळ्यावर गेलो तर सायलेन्सर नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत पोरांनी भंगारवाल्याला दिले, स्टेनलेसच्या भावाने, वजनावर. एक लाखाच्या वरचा माल, दोन किलो चकली येईल एवढ्या पैशात. ओरडणार कुणावर, त्यावर "ठेवा" म्हणून लिहायला पाहिजे होतं ते मी लिहिलं नव्हतं. फोर्डने इथला कारखाना गुंडाळल्यापासून असले पार्ट मागवायचे म्हणजे वाट बघत बसा. शेवटी कोल्हापूरला एक जण सापडला, त्याने गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात कंपनीचे सायलेन्सर काढून गोठ्यात ठेवले होते, जवळजवळ कोरे, आत एक पालीचं कुटुंब. शनिवारी जाऊन घेऊन आलो. येताना त्याला म्हणालो, तुझ्या गाडीशेजारी कोण राहतं रे. म्हणाला, म्हशी.

म्हणून कमिटीला माझं म्हणणं असं आहे.

पिवळी गाडी गेटच्या आत घ्यायची नाही असं वॉचमनला सांगितलंय, ते मागे घ्या. गाडी गेले नऊ दिवस भोसरीला शेडमध्ये उभी आहे, ती कुणी अडवली म्हणून नाही, मीच ठेवलीये, आणि जुने सायलेन्सर लागल्याशिवाय मी ती आणणार पण नाही. पण वॉचमन बिचारा साठीचा माणूस, मला बघून खाली बघतो, त्याला या भानगडीत घालू नका.

माझं पार्किंग बदलून द्या. उघड्यावरची गेटजवळची जागा द्या, ऊन लागलं तर लागू दे, कव्हर घालीन. तिथून रविवारी पहाटे निघताना आम्ही दोघं गाडी ढकलत मेन रोडपर्यंत नेऊ आणि तिथे चालू करू, सतराशे किलोची आहे, पुतण्याचा व्यायाम होईल. बेसमेंटच्या त्या कोपऱ्यात कुणाची तरी इलेक्ट्रिक गाडी लावा, ई विंगमध्ये दोन आहेत.

आणि तो डक्ट. माझी गाडी गेली तरी तो डक्ट तिथेच राहणार आहे आणि त्याच्या तोंडाशी आपला जनरेटर आहे, लाइट गेली की तो धूर आणि आवाज दोन्ही काकांच्या खोलीत जातात, यावर एकाही मीटिंगमध्ये कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. बिल्डरने केलंय, आपण नाही, पण निस्तरायला आपणच. त्याला आतून अस्तर लावून तोंड वळवून घेता येतं, गाडीच्या सायलेन्सरसारखंच असतं ते, फक्त मोठं. पत्रा, अस्तर, मजुरी, सगळं माझ्याकडून, रेलिंगच्या उरलेल्या बिलात पण धरू नका. फक्त परवानगीचं पत्र द्या, नाहीतर परत कुणीतरी म्हणणार कॉमन एरियात विनापरवाना काम.

"समाजकंटक" शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. सासऱ्यांची आहे, त्यांना फोन कुणी करायचा ते कमिटीने ठरवावं.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता गाडी घेऊन येतो. पहाटे नाही, अकराला. जुने सायलेन्सर लावलेले असतील, इंजिन मुद्दाम रात्रभर थंड ठेवून टेम्पोवर चढवून आणणार आहे, कारण गरम गाडी आणून "बघा किती शांत" म्हणणं म्हणजे फसवणूक. जुन्याच जागेवर, त्या डक्टसमोर उभी करीन आणि चालू करीन. ज्यांना मीटर बघायचाय त्यांनी खाली या, सी वर लावून ठेवतो. सेक्रेटरी साहेबांनी वर काकूंच्या खोलीत बसावं, चमचा ग्लासात ठेवून. मी खालून काकूंना फोन लावीन. त्यांनी उचलल्या उचलल्या "काय रे, चालू कधी करतोयस" विचारलं तर गाडी सोसायटीत राहील. दुसरं काही म्हणाल्या तर त्याच टेम्पोवर परत भोसरीला.

आपला,
डी विंग, अकरावा मजला
(पिवळी गाडी)

ता. क. सितोपलादीवाल्यांनी पण यावं. चिठ्ठी छान होती.